कानात भोक असलेला कुडू

आम्हा दोघांत शिकारी एकटा दत्तोबा. मी निघालो होतो आफ्रिका बघायला आणि त्याच्या वतीनं इंग्रजी बोलायला. इंदापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. दत्तोबाच्या मुलीला, छकुलीला, बारावीला शिकवलं तेव्हाची आमची ओळख. पुढं ती इतकी वाढली की सवड मिळाली की त्याच्या जीपमधून सुप्याकडं जायचं, माळावर चिंकारा दिसले की इंजिन बंद करायचं आणि ते उड्या मारत दिसेनासे होईपर्यंत बघत बसायचं, हा आमचा नेम झाला.

निघायच्या आदल्या दिवशी अंजली, माझी बायको, कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "रविवारी विहारात बसून प्राण्यांची हत्या करणार नाही म्हणता, आणि आता शिकारीला निघालात."

"मी बंदुकीला हात लावणार नाही."

"बघायला तर उभे राहणार ना," ती म्हणाली आणि स्वेटर बॅगेत कोंबला.

दत्तोबा शेळगावचा. त्याच्या बापाकडं मेंढरांचा मोठा वाडा होता. लांडग्यासाठी म्हणून घरात परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि ती पोरवयातच दत्तोबाच्या हातात आली. ओढ्याच्या कडेनं पोटावर सरकत, वाऱ्याची दिशा बघत, रानडुकराच्या मागावर अख्खा दिवस घालवायचा ही त्याची जवानी. मग बहात्तर साली शिकारबंदीचा कायदा आला आणि त्यानं बंदूक तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. हळूहळू मेंढरं गेली, खडीचा क्रशर आला, ट्रक आले, शेळगावात दुमजली घर झालं. पण हौस गेली नव्हती. "सर," तो मला म्हणायचा, "मारन्यात काय न्हाय. मागावर जान्यात सगळं हाय. त्येला आपला वास यायच्या आत आपल्याला त्येचा यायला पायजे."

ही हौस जोतीरामला माहीत होती. जोतीराम म्हणजे गोजरबाईच्या, दत्तोबाच्या बायकोच्या, भावाचा मुलगा. बारामतीत त्याचं टूर्सचं ऑफिस होतं. आधी अष्टविनायक, मग चारधाम, मग एका मुंबईच्या एजंटाचा हात धरून दुबई आणि सिंगापूर. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तो एक व्हिडिओ कॅसेट घेऊन शेळगावला आला. पडद्यावर पिवळं गवत, लांबवर डोंगर, आणि पिळाच्या उंच शिंगांचा एक प्राणी मान वळवून बघतोय. कुडू, जोतीरामनं सांगितलं. तिकडं कायद्यानं शिकार करता येते, परवाना, बंदूक, वाटाड्या, सगळं तिथला मालक देतो.

"मामा, कुंपण न्हाय का काय न्हाय. नजर पोचंल तितं रान. नदीकाठी तंबू. सकाळी माग काढत पायी निघायचं."

दत्तोबानं कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. मग एकच विचारलं. "जनावर रानटी हाय न्हवं?"

"मामा, आफ्रिका हाय ती."

जुलैत आम्ही जोहान्सबर्गला उतरलो. नावाची पाटी घेऊन माणूस उभा असेल असं जोतीरामनं सांगितलं होतं. पाट्या घेऊन बरीच माणसं उभी होती, आमच्या नावाची पाटी कुणाच्याच हातात नव्हती. बारामतीत खास शिवून घेतलेला सफारी घालून दत्तोबा बाकावर ताठ बसून राहिला. तिकडं ऐन हिवाळा होता. मी मुंबईच्या एजंटाला फोन लावला. गाडी रस्त्यात आहे, तो म्हणाला. दुपार उलटल्यावर एक व्हॅन आली. मागच्या सीटवर कोंबड्यांच्या खाद्याची पोती होती, ती सरकवून आम्ही बसलो.

नदी नव्हती. तंबू नव्हते. एक लांबट पत्र्याची शेड होती, मध्ये फळ्या ठोकून खोल्या केलेल्या. दत्तोबा आत शिरला, नाक वर करून थांबला, भिंतीचा कोपरा हातानं चाचपला आणि म्हणाला, "सर, हितं मेंढरं बांधत व्हते."

मालकाचं नाव डर्क. उंच, लालबुंद, सतत घड्याळ बघणारा. मी मेंढरांचं विचारलं तर हसला. हो, म्हणाला, बापाच्या काळात इथं मेंढपाळीच होती. लोकरीत काही राहिलं नाही, म्हणून शिकारीचा धंदा सुरू केला. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा दत्तोबाचा चेहरा थोडा सैल झाला. मेंढराचा धंदा मोडलेला माणूस म्हणजे त्याला आपल्यातलाच वाटला असावा. मला मात्र शेडमागं दिसणारं तारेचं कुंपण आवडलं नव्हतं. दोन पुरुष उंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी डर्कनं बंदूक दिली आणि एका फळीवर नेम धरायला लावला. दत्तोबानं फळीच्या मधोमध गोळी घातली. डर्कनं मान हलवली आणि गाडीकडं बोट दाखवलं. उघड्या टपाची पिकअप होती, मागं खुर्ची ठोकलेली.

"पायी जायचं ठरलंय म्हनावं," दत्तोबा म्हणाला.

मी सांगितलं. डर्क म्हणाला, पायी गेलात तर दिवस वाया जातो. माझं पुढचं गिऱ्हाईक या आठवड्यातच येतंय.

दत्तोबा खुर्चीत बसला. गाडी कच्च्या रस्त्यानं गोल फिरली, पुन्हा त्याच पाण्याच्या हौदापाशी आली, पुन्हा फिरली. दुसऱ्या दिवशी तेच. चालत्या गाडीच्या धुरात कसला वास आणि कसला माग. दत्तोबा मागं खुर्चीत दगडासारखा बसून राही, आणि मी पुढं डर्कशेजारी बसून जोतीरामला मनातल्या मनात शिव्या देई. संध्याकाळी डर्कच्या घरातल्या फोनवरून आम्ही बारामतीला फोन लावला.

"मामा, तितलं मला काय कळनार? मुंबईवाल्याशी बोला," जोतीराम म्हणाला.

मुंबईवाला म्हणाला, जागेवरची व्यवस्था मालक बघतो, त्याच्याशी बोला. डर्क शेजारीच उभा होता. तो म्हणाला, तुम्हाला कुणी काय सांगितलं मला माहीत नाही, मी नदी आणि तंबू कधीच कबूल केले नव्हते. तिघंही खरं बोलत असावेत असा आवाज काढत होते, आणि आमची तक्रार घ्यायला त्यांतलं कुणीच तयार नव्हतं.

"कॅसेट कुनाची व्हती विचारा," दत्तोबा म्हणाला.

मी विचारलं. डर्कला कॅसेटचं काही ठाऊकच नव्हतं. ते रान दुसऱ्याच कुठल्यातरी देशातलं होतं.

कुडू दिसला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. डर्कनं गाडी एका बाभळीसारख्या झाडाखाली थांबवली आणि आम्हाला खाली उतरायला सांगितलं. दत्तोबाचा चेहरा बदलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचे पाय त्या जमिनीला नीट लागले होते. तो वाकला, मूठभर माती उडवून वारा बघितला, आणि झुडपांच्या आडोशानं सरकायला लागला. मागं मी, माझ्यामागं डर्क. साठीतला माणूस, पण पाऊल वाजत नव्हतं.

झुडपांपलीकडं मोकळवन होतं आणि तिथं तो उभा होता. करड्या अंगावर पांढरे पट्टे, गळ्याखाली आयाळ, आणि ती शिंगं. मी कधी इतकं देखणं जनावर पाहिलं नव्हतं. दत्तोबानं बंदूक खांद्याला लावली.

कुडूनं आमच्याकडं पाहिलं. आता उडी मारून पळणार असं मला वाटलं. तो पळाला नाही. त्यानं कान पुढं केले, हनुवटी उचलली आणि सरळ आमच्याकडं चालत यायला लागला. जवळ येता येता मान लांब करून दत्तोबाच्या हाताकडं, बंदुकीकडं, डर्कच्या खिशाकडं हुंगू लागला. त्याच्या डाव्या कानात गोल भोक होतं, बिल्ल्याचं, कडा वाळून गेलेल्या. बाजारातल्या म्हशीच्या कानात असतं तसं.

दत्तोबानं बंदूक खाली केली.

"मार," डर्क कुजबुजला. "मार ना."

"सर, त्येला सांगा," दत्तोबा म्हणाला. त्याचा आवाज इतका हळू होता की मला भीती वाटली. "म्हनावं, हे हातावर वाढवल्यालं हाय. मीठ चाटायला येतंय. मेंढरू येतं तसं."

मी सांगितलं. डर्कनं खांदे उडवले. लहानपणी आई मेली होती याची, बाटलीनं वाढवला, पण आता मोठा झाला, शिंगं बघा. मग माझ्याकडं बघून म्हणाला, तुम्ही इंडियन लोक शाकाहारी ना, रक्त बघवत नसेल तुमच्या मित्राला.

हे मी मराठीत सांगायला नको होतं, पण तोवर मलाही राग आला होता, म्हणून शब्दन् शब्द सांगितला.

"बिरोबाच्या जत्रंला म्या बकरं कापतो म्हनावं," दत्तोबा म्हणाला. "माझ्या हातानं कापतो. पर आमी त्याला शिकार म्हनत न्हाय. शेजारी बसून फोटू काढत न्हाय. ह्येला नेऊन बांधा म्हनावं गोठ्यात."

माझं इंग्रजी पुरं व्हायच्या आत डर्कनं त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली. तुमचं जनावर आहे, पैसे भरलेत, रिकाम्या हातानं गिऱ्हाईक परत गेलं तर माझं नाव खराब होतं, असं काहीतरी तो बोलत होता. बोलता बोलताच त्यानं गोळी झाडली. इतक्या जवळून नेम धरायची गरजच नव्हती. कुडू गुडघ्यांवर बसला आणि मग कलंडला.

दत्तोबा त्याच्यापाशी जाऊन बसला. एक हात मानेवर ठेवला, दुसऱ्या हातानं तो कान उलटा करून बघितला. त्याला काय वाटत होतं ते मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. मागं कॅमेऱ्याचा आवाज झाला. डर्कनं फोटो काढला होता.

दत्तोबा उठला. तो डर्कच्या अंगावर जाईल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर जावं असंही वाटलं. पण तो गाडीकडं न जाता चालायला लागला, कुंपणाच्या दिशेनं. मी मागं गेलो. कुंपण लागल्यावर आम्ही त्याच्या कडेकडेनं चालत राहिलो. डर्कनं दोनदा हॉर्न वाजवला आणि निघून गेला. ते अथांग रान किती होतं ते तेव्हा कळलं. दुपार व्हायच्या आत आम्ही कुंपणाला वळसा घालून शेडच्या मागच्या बाजूला पोचलो. एका बाजूला तारेपलीकडं डांबरी रस्ता होता आणि त्याच्यावरून मालट्रक चालले होते.

"भिगवनचा हायवे आपल्या रानापासून ह्याच्यापरीस लांब हाय," दत्तोबा म्हणाला.

उरलेले दिवस आम्ही शेडमध्ये काढले. डर्कनं कुंपणातल्या सिंहाचं आमिष दाखवलं. सिंह पिंजऱ्यातून सोडतात आणि तो तिथंच बसून राहतो, असं त्याचा नोकर आम्हाला आधीच बोलून गेला होता. दत्तोबानं डर्ककडं बघितलंही नाही.

परत आल्यावर दत्तोबा जोतीरामकडं गेला नाही. गोजरबाईच्या माहेरचं पोर, घरातलं भांडण, म्हणून तो गिळून बसला. मी ग्राहक मंचाकडं जाऊ म्हणालो, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर. हिच्या भावाच्या पोराला कोर्टात वडलं तर ही कुनाच्या तोंडाकडं बगंल?" गावात कुणी शिकारीचं विचारलं की तो क्रशरकडं निघून जाई.

मग दिवाळीच्या सुमारास त्याला भिगवणच्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. अभिनंदन करत होता. तात्या, कुडू जबरा हाय, म्हणाला.

भिगवणला हायवेवरच्या एका हॉटेलात जोतीरामनं माशांचं जेवण ठेवलं होतं, शिकारीला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी. क्रशरवरून दत्तोबा मला घ्यायला आला आणि आम्ही तसेच तिकडं गेलो. दारातच स्टँडवर फोटो उभा होता, हातभर मोठा केलेला, जाड लाकडी चौकटीत. डर्कनं तो मुंबईवाल्यामार्फत पाठवला असणार. मेलेला कुडू, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बसलेला दत्तोबा. चेहरा अर्धा वळलेला. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, शिकारी आपल्या शिकारीचा रुबाब बघतोय.

फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शेळगावच्या दत्तोबा तात्यांची पहिल्याच सफरीतली शिकार.

आत टेबलांवर पंधरा-वीस माणसं चिलापी खात होती. बागायतदार, एक-दोन डॉक्टर, पोल्ट्रीवाले. जोतीराम पुढं उभा राहून बोलत होता. आम्हाला बघून त्याचं वाक्य अर्धंच राहिलं, पण तो हुशार होता. "आणि हे बघा, मामा सोता आले," म्हणाला.

दत्तोबा पुढं गेला. त्याला भाषणाची सवय नव्हती. त्यानं सगळं सांगितलं. मेंढरांच्या शेडपासून कानातल्या भोकापर्यंत. मिठाला येणारं जनावर, बाटलीचं दूध, डर्कनं हातातून घेतलेली बंदूक. "त्यो फोटू खोटा हाय," तो म्हणाला. "म्या मारलं न्हाय. मारन्यासारखं काय नव्हतंच. तुमी गोठ्यात जाऊन गाय मारली आन फोटू काढला, तर गावात तोंड दाखवाल का?"

जोतीराम खाली बघत होता. मला वाटलं, झालं, संपला याचा धंदा.

तेवढ्यात मधल्या टेबलावरचा एक माणूस बोलला. हिंदुराव त्याचं नाव, बारामतीकडचा मोठा पोल्ट्रीवाला. त्यानं हातातला काटा ताटात ठेवला आणि अगदी कामाच्या सुरात विचारलं, "म्हंजे तात्या, जनावर मिळतं हे नक्की ना? रिकामं परत यावं लागत न्हाय?"

दत्तोबाला प्रश्न कळलाच नाही. "काय?"

"न्हाय, म्हंजे गॅरंटी हाय का, येवढंच इचारतोय. येवढ्या लांब जायचं आन जनावर दिसलंच न्हाय, तर काय उपेग?"

दोघं-तिघं हसले. कुणीतरी मान डोलावली. आणि जोतीरामनं हळूच मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरलो नाही. "गॅरंटी हाय," तो म्हणाला. "शंभर टक्के."

मी शिकवताना वर्गात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय बोललो ते नीट आठवत नाही. लाज, हा शब्द बऱ्याचदा आला असावा. हिंदुराव माझ्याकडं शांतपणे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, तुमी बुद्ध मानता, तुमचं बराबर हाय. आमाला हौस हाय." दत्तोबानं माझा दंड धरला आणि बाहेर नेलं. जीपमध्ये बसल्यावर त्यानं वळून हॉटेलच्या दाराकडं पाहिलं.

"त्येन्ला जनावर नको हाय सर," तो म्हणाला. "फोटू पायजे."

त्यानंतर तो दिवसचे दिवस घरात बसून राहिला. क्रशर मुकादमावर सोडला. जेवायला बस म्हटलं तर बसायचा, ऊठ म्हटलं तर उठायचा. काय झालं ते गोजरबाईनं मला बोलावून विचारलं. तोवर तिला फोटोचं ठाऊकच नव्हतं. तिनं सगळं ऐकलं.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं, आणि नंतर बारामतीच्या एका विद्यार्थ्याकडून, जो त्या वेळी त्या ऑफिसात तिकिटाला बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई एकटीच एसटीनं बारामतीला गेली. जोतीरामच्या ऑफिसात गिऱ्हाईकं बसली होती, हिंदुरावही होता. तो फोटो आता टेबलामागं भिंतीवर होता. जोतीराम उठून पाया पडायला वाकला, तर ती त्याला वळसा घालून भिंतीकडं गेली, खुर्ची ओढली, लुगडं सावरून तिच्यावर चढली आणि फोटो खिळ्यावरून काढला.

"आत्या, काय करतीस? ऑफिसचा हाय त्यो."

"चौकट तुजी आसंल. आतला मानूस माजा हाय."

"मामा म्हाताऱ्यागत करायला लागल्यात आत्या. लोकाला सांगत फिरत्यात खोटं हाय म्हनून. माजा धंदा हाय."

ती फोटो घेऊन खुर्चीवरून उतरली. "मेंढरं इकली तवा तुज्या मामानं येक मेंढरू खाटकाला न्हाय दिलं. सगळी पाळनाऱ्याला दिली, निम्म्या भावात. तुज्या बापाला इचार, त्यानंबी घेतली व्हती. त्या मानसाच्या नावावर तू पाळीव जनावर मारल्याचं दुकान मांडलंस." मग हिंदुरावकडं वळून म्हणाली, "तुमी जा खुशाल. तुमाला कोन आडवतंय. पर ह्यांचा फोटू बघून जाऊ नका. जाताना सोताचा फोटू लावा हितं."

कुणी तिला अडवलं नाही. आत्यावर हात कोण टाकणार. ती तशीच चौकट बगलेत मारून स्टँडवर आली. कंडक्टरनं लगेज मागितलं, तर तेही दिलं.

घरी तिनं चौकटीच्या मागची पट्टी उचकटली, फोटो काढला आणि चुलीत घातला. चौकट चांगली सागवानी होती. ती पुसून तिनं आत छकुलीच्या लग्नातला फोटो बसवला. दत्तोबा ओट्यावरून हे बघत होता. म्हणाला, "निगेटिव्ह हाय त्येच्याकडं. पुन्ना लावंल."

"मग पुन्ना जाईन," गोजरबाई म्हणाली.

त्यानं लावला. तीही गेली. दर वेळी भर दुपारी, ऑफिस भरलेलं असताना. कधी फोटो लहान असे, कधी रंगीत, एकदा नुसता कॅलेंडरवर छापलेला. ती काढायची आणि निघायची. जोतीरामनं एकदा बापाला मध्ये घातलं, तर तिनं भावाला दारातच सांगितलं की तो फोटो भिंतीवर असेपर्यंत तुझ्या घरचं पाणी मला चालणार नाही. गुढीपाडव्याला ती माहेरी गेली नाही. त्यानंतर ती भिंत मोकळी राहिली.

हिंदुराव पुढच्या हंगामात गेला आणि शिंगं घेऊन आला. त्याच्या बंगल्यात ती लावलेली आहेत म्हणे, दिवाणखान्यात. दत्तोबाला बोलावणं आलं होतं. गेला नाही. तो पुन्हा क्रशरवर जायला लागला, माझ्याबरोबर सुप्यालाही यायला लागला. फक्त कधी जोतीरामचं नाव निघालं तर त्याच्या मानेवरची शीर अजून फुगते, आणि मी विषय बदलत नाही, कारण माझीही फुगते.